रेणूचा ठसा आणि त्याची पारख

रसायनशास्त्रातील काही नावे अशी भारदस्त असतात की, ती ऐकूनच सामान्य माणूस बिचकतो. पण मूळ गोष्ट पाहू गेले तर ती ओळखीचीच निघते. ‘मुद्रांकित बहुवारिके’ हे नाव त्यांपैकीच. बहुवारिक म्हणजे लहान रेणूंच्या कड्या जोडून झालेली लांब साखळी. नायलॉन, रबर, प्लॅस्टिक ही सारी त्या कुळातली. अशा पदार्थात एखाद्या रेणूचा ठसा उमटवावा, आणि पुढे गर्दीतून त्याने नेमका तोच रेणू धरावा, अशी ही युक्ती आहे. ती साधली हे कशावरून ठरवायचे, एवढाच प्रश्न येथे घेण्याचे आम्ही योजिले आहे.

कृती ओतशाळेतल्यासारखी आहे. तेथे लाकडी नमुना वाळूत चेपून बसवितात, मग अलगद काढून घेतात. मागे त्याच्या आकाराची पोकळी राहते. १९७२ साली जर्मनीत ग्युंटर वुल्फ यांनी नमुन्याचा रेणू पक्क्या रासायनिक बंधांनी बांधून असे ठसे घेतले. पुढे स्वीडनमधील लुंड येथे क्लाउस मोसबाख व त्यांच्या सहकाऱ्यांनी सैल बंधांवर भागविले, आणि १९९३ साली थिऑफिलीन या दम्यावरील औषधाचा ठसा घेऊन दाखविला. हे औषध कमी पडले तर गुण येत नाही, थोडे अधिक झाले तर बाधते. म्हणून रोग्याच्या रक्तातील त्याचे प्रमाण मोजावे लागते. चहा-कॉफीतले कॅफीन हा त्याचा सख्खा भाऊ. दोघांत फरक एक कार्बन व तीन हायड्रोजन एवढ्या लहानशा गटाचा!

औषधाचा रेणू आणि मेथॅक्रिलिक आम्ल द्रावकात एकत्र आले की आम्लाचे रेणू हायड्रोजन-बंधांनी त्याच्याभोवती उभे राहतात. मग दुसऱ्या एका द्रव्याने त्या सर्वांना आडवे-उभे दुवे घालून जखडतात. घट्ट झालेला गोळा कुटून भुकटी करतात व औषध धुऊन काढतात. उरलेल्या पोकळीला आकार असतो. शिवाय तिच्या भिंतीवर धरणारे हात ठरावीक जागीच असतात.

आता पारख. समजा, द्रावणात औषधाचे १०० भाग होते. भुकटी घालून ढवळले, गाळले, आणि द्रवात ३० उरले. म्हणजे भुकटीने ७० धरले. पण यावरून ठशाचा गुण सिद्ध झाला काय? मुळीच नाही. कोळशाची पूडही पुष्कळ काही धरते. म्हणून तीच द्रव्ये, तीच कृती, परंतु नमुन्याचा रेणू न घालता दुसरी भुकटी करावी लागते. तिने ३५ धरले, तर ठशामुळे पकड दुप्पट झाली एवढेच म्हणता येईल. तिनेही ६८ धरले, तर ठसा नावापुरताच. त्याखेरीज कॅफीनसारखा भाऊबंद घालून पाहावा. मोसबाख यांच्या भुकटीने थिऑफिलीन धरले आणि कॅफीनला जवळजवळ थारा दिला नाही, हे तिचे खरे प्रशस्तिपत्र होय.

पुढचा प्रश्न असा की, पकडणाऱ्या जागा किती आणि त्यांची पकड केवढी? औषधाचे प्रमाण पायरीपायरीने वाढवून दर वेळी धरलेले व मोकळे राहिलेले भाग मोजतात. जॉर्ज स्कॅचर्ड यांनी १९४९ साली सुचविल्याप्रमाणे धरलेल्यास मोकळ्याने भागून तो भागाकार धरलेल्याच्या समोर आलेखावर मांडतात. सर्व जागा सारख्या असतील तर सरळ रेषा येते. तिच्या उतारावरून पकड आणि ती जेथे आडव्या अक्षास मिळते तेथून जागांची संख्या कळते. मुद्रांकित बहुवारिकांत बहुधा रेषा वाकते. कारण चांगल्या जागा थोड्या, सुमार जागा फार. संघटनेचे काम करताना आम्हांस हा अनुभव नेहमीचा आहे: मोर्चाची गर्दी मोजून सभासदांची निष्ठा कळत नाही. औषध विरळ असता घट्ट जागाच बोलतात. पूर आला की सैल जागाही भरतात. म्हणून कोणत्या प्रमाणात मोजले, हे सांगितल्यावाचून पकडीचा आकडा व्यर्थ आहे.

आणखी दोन खोड्या आहेत. हायड्रोजन-बंधांना पाणी मोडता घालते. सेंद्रिय द्रावकात उत्तम ठरलेली भुकटी पाण्यात लंगडी पडू शकते. तसेच धुऊनही नमुन्याचे काही रेणू आत अडकून राहतात व मागाहून पाझरतात. मग निर्दोष नमुन्यातही ते द्रव्य ‘सापडते’! यावर तोड म्हणून ठसाच सारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या रेणूचा घेतात. क्लेनब्युटेरॉल शोधण्यासाठी ब्रोमब्युटेरॉलचा ठसा वापरला गेला आहे.

हा तपशील केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. दुधात, पाण्यात, कामगाराच्या लघवीत एखादे द्रव्य किती उतरले हे शोधण्याच्या कामी अशा भुकट्या योजतात. त्या आकड्यावर कोणाचे औषध ठरेल, कोणाची नुकसानभरपाई. तेव्हा आकडा पुढे आला की ठसा नसलेल्या भुकटीचा आकडाही मागावा. तो मागण्यास पदवी लागत नाही.