चालू हॉटेल विकत घेताय? मग आचाऱ्याची नऊ वर्षं कुणाच्या वहीत?

'चालू धंदा विकत घ्यावा का' या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न भांडवलाचा नव्हता. तो असा होता: "सर, हॉटेल घेतलं तर जुनी पोरं माझी होतात का? त्यांचं जुनं देणं माझ्या डोक्यावर येतं का?" प्रश्न एकदम बरोबर आहे. आपल्याकडे कपिलधार-मांजरसुंबा भागात हॉटेलं, किराणा, प्रसादाची दुकानं चालू स्थितीत हातबदल होतात. सौदा करताना फ्रीज, भट्टी, टेबल-खुर्च्या, डिपॉझिट, गुडविल, सगळं मोजतात. गल्ल्यामागे नऊ वर्षं उभा असलेला माणूस मात्र कुणी मोजत नाही. आणि पुढे भांडण त्याच्यावरूनच होतं.

यावर आपल्या देशात जो कायदा झाला, त्याच्या मुळाशी आपल्या शेजारचीच गोष्ट आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. बार्शी लाइट रेल्वे. कुर्डुवाडी, बार्शी, लातूर, पंढरपूर, मिरज या भागात धावणारी ती छोटी गाडी. घरात कुणी सत्तरीच्या पुढचं असेल तर विचारा, आठवण निघेल. (बीडला स्वतःची रेल्वे यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं, तो विषय वेगळा!) ही बार्शी लाइन सरकारची नव्हती, खासगी कंपनीची होती. करारानुसार सरकारने ती विकत घ्यायचं ठरवलं, आणि १ जानेवारी १९५४ पासून ताबा घेतला.

त्याआधी ११ नोव्हेंबर १९५३ ला कंपनीने सगळ्या कामगारांना नोटीस दिली, की ३१ डिसेंबरच्या दुपारनंतर तुमची नोकरी संपली. ज्यांची इच्छा असेल त्यांना सरकार कामावर घेईल, अटी नंतर कळवू. म्हणजे बघा, इंजिन तेच, रूळ तेच, स्टेशन तेच, माणूसही तोच. मालक बदलला म्हणून कागदावर त्याची नोकरी तुटली. बहुतेकांना सरकारी रेल्वेने घेतलंही, पण काहींची पगारश्रेणी खाली आली. युनियनचं म्हणणं होतं, आम्हाला कंपनीने काढलंय, कामगार कपातीची भरपाई द्या. मुंबई हायकोर्ट कामगारांच्या बाजूने गेलं. सुप्रीम कोर्टाने मात्र २७ नोव्हेंबर १९५६ ला उलट निकाल दिला. धंदा चालू असताना जास्तीची माणसं कमी करणं म्हणजे कपात; आख्खा धंदाच दुसऱ्याकडे गेला किंवा बंद झाला तर ती कपात नव्हे, म्हणून भरपाई नाही.

या निकालाने देशभर गडबड उडाली. उद्या कुणीही धंदा भावाच्या नावावर करेल आणि कामगारांना हात दाखवेल! सरकारने एप्रिल १९५७ मध्ये वटहुकूम काढला, मग औद्योगिक विवाद कायद्यात बदल केला आणि तो २८ नोव्हेंबर १९५६ पासून, म्हणजे निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून लागू धरला. १९५३ च्या अखेरीस ज्यांची नोकरी तुटली त्या बार्शीच्या कामगारांच्या हातात यातून काही पडलं नाही. ते भांडले आणि उपयोग पुढच्यांना झाला. त्या कायद्याचं कलम २५ एफएफ म्हणजेच आपला आजचा विषय. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता आली, तिच्यात हीच गोष्ट कलम ७३ मध्ये आहे.

आता नियम सोप्या भाषेत. धंद्याची मालकी किंवा कारभार दुसऱ्याकडे गेला, आणि कामगाराची त्याआधी किमान एक वर्ष सलग नोकरी झालेली असेल, तर त्याला कपात झाल्यासारखी नोटीस आणि भरपाई मिळते. एक महिन्याची नोटीस किंवा एक महिन्याचा पगार, वर दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. 'सलग वर्ष' म्हणजे मागच्या बारा महिन्यांत साधारण २४० दिवस काम. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेपुरता स्टॉलवर उभा केलेला पोरगा यात बसत नाही. वर्षभर भट्टीवर असलेला आचारी बसतो. आणि "माझ्याकडे तर तीनच माणसं आहेत" असं म्हणू नका, या कलमाला माणसांच्या संख्येची अट नाही.

भरपाई द्यावी लागत नाही असा एकच रस्ता आहे आणि त्याला तीन अटी आहेत, तिन्ही एकत्र पाळायच्या. नोकरीत खंड पडायचा नाही. नव्या मालकाकडच्या अटी जुन्यापेक्षा वाईट नसायला पाहिजेत. आणि पुढे कधी त्याला काढायची वेळ आली, तर जुनी वर्षं धरूनच भरपाई देण्याची जबाबदारी नव्या मालकाने घेतलेली पाहिजे. यातली एक जरी तुटली, तरी भरपाई लागू.

थोडं गणित करू. समजा तुम्ही हायवेवरचं हॉटेल बारा लाखांत घेताय. आचारी ८ वर्षं ७ महिने कामाला, पगार १८,००० रुपये. म्हणजे नऊ वर्षं धरायची. पंधरा दिवसांचे ९,००० गुणिले ९, झाले ८१,०००. नोटिशीचे १८,०००. एकूण ९९,०००. दोन वेटर, प्रत्येकी तीन वर्षं, पगार १३,०००. त्यांचे प्रत्येकी १९,५०० अधिक १३,०००, म्हणजे ३२,५००, दोघांचे ६५,०००. तिघांचे मिळून १ लाख ६४ हजार. हॉटेलात दहा किंवा जास्त माणसं असतील तर ग्रॅच्युइटी वेगळी. एकट्या आचाऱ्याची साधारण ९३,४६० रुपये होते (पगार भागिले २६, गुणिले १५, गुणिले ९).

हे १ लाख ६४ हजार कुणी द्यायचे? धंदा विकला म्हणून नोकरी तुटली तर देणं विकणाऱ्याचं. सुप्रीम कोर्टाने १९६२ मध्ये अनकापल्लीच्या साखर कारखान्याच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. खासगी कारखाना शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेने विकत घेतला होता. कोर्ट म्हणालं, जुन्या मालकाकडून भरपाई आणि नव्या मालकाकडे नोकरीचा हक्क, असे दोन्ही हातांत लाडू मागता येणार नाहीत. म्हणजे नव्या मालकावर जुन्या माणसांना घेण्याची सक्ती नाही. इंग्लंडमध्ये उलट आहे. तिथे धंदा गेला की कामगार आपोआप नव्या मालकाकडे जातो, जुनी वर्षं आणि जुन्या अटींसकट. मला विचाराल तर कामगाराच्या दृष्टीने तो कायदा चांगला आहे. पण आपल्याकडे तो नाही, त्यामुळे जे काही मिळवायचं ते सौद्याच्या कागदावर मिळवावं लागतं.

तळेगावचं उदाहरण ताजं आहे. जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतात गाड्या विकणं थांबवलं. तळेगावचा प्लांट आधी चीनच्या ग्रेट वॉलला द्यायचं ठरलं, तो सौदा २०२२ ला मोडला. मग ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईबरोबर करार झाला. पण तो जमीन, इमारती आणि काही यंत्रसामग्रीचा, माणसांचा नाही. कामगारांची मागणी होती की नव्या कंपनीने आम्हाला घ्यावं. उपोषणाला बसले, कोर्टकचेऱ्या झाल्या. नुसती मालमत्ता घेतली की चालू धंदा घेतला, हा फरक किती महत्त्वाचा आहे ते यातून कळतं. तुम्ही फक्त गाळा आणि सामान घेतलं, बोर्ड बदलला, धंदाही बदलला, तर जुन्या मालकाने धंदा बंद केला असं धरतात आणि कामगारांचा हिशेब तो चुकता करतो. पण तेच नाव, तीच जागा, तोच मेनू, तेच गिऱ्हाईक घेऊन "मी फक्त भांडी घेतली" म्हणाल, तर लेबर कोर्ट कागदाच्या पलीकडे बघतं.

दुसरी बाजूही लक्षात ठेवा. माणूस म्हणजे फ्रीज नव्हे, त्याला न विचारता विकता येत नाही. फिलिप्सने कोलकात्याचा कारखाना विकला तेव्हाच्या वादात सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये सांगितलं की कामगाराच्या संमतीशिवाय त्याला दुसऱ्या मालकाकडे ढकलता येत नाही. आचारी म्हणाला, "मला नव्या शेठकडे नाही राहायचं, माझा हिशेब द्या," तर तो हट्टीपणा नाही. आधी त्याचं म्हणणं ऐका.

आणि आपल्या जिल्ह्यात तर एक गोष्ट मोठ्याने सांगायला पाहिजे: उचल. ऊसतोडीमुळे उचल हा शब्द आपल्या रक्तात आहे, तो हॉटेलातही आलाय. जुना मालक सांगतो, "याच्यावर माझे चाळीस हजार आहेत, ते तुम्ही मला द्या आणि त्याच्याकडून फेडून घ्या." असा सौदा अजिबात करू नका. उचल फिटेपर्यंत माणसाला अडवून ठेवणं हा १९७६ च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे. जुन्या मालकाने आपली उचल आपल्या हिशेबात मिटवावी. तुमची पहिली पगाराची वही कोरी असू द्या.

मग करायचं काय? इसार देण्याआधी विकणाऱ्याकडून माणसांची यादी सहीनिशी घ्या. नाव, कामाला लागल्याची तारीख, शेवटचा पगार, थकलेला पगार, शिल्लक रजा, उचल. तारीख कामगाराला स्वतःला विचारून ताडून बघा. मालकाच्या तोंडी "आत्ताच लागलाय" असतं, आणि पोरगा सांगतो, "दादा, मी मोठ्या शेठच्या काळापासून आहे." मग प्रत्येकाशी बोलून दोनपैकी एक ठरवा. एक तर विकणाऱ्याने त्याचा पूर्ण हिशेब बँकेतून चुकता करायचा, पावती घ्यायची, आणि तुमच्याकडे नवी नेमणूक. नाही तर तुम्ही जुन्या तारखेसकट त्याला घ्यायचं, तसं पत्र त्याला द्यायचं, आणि ती रक्कम किमतीतून कापायची. वरच्या उदाहरणात बारा लाखांचा सौदा १० लाख ३६ हजारांवर यायला हवा. विकणारा कुरकुर करेल. करू द्या, ते त्याचंच देणं आहे.

माझं मत दुसऱ्या रस्त्याच्या बाजूने आहे, निदान आचाऱ्याच्या बाबतीत. गिऱ्हाईक रश्श्याच्या चवीला येतं, सातबाऱ्याला नाही. आणि ते कापलेले पैसे गल्ल्यात उधळू नका, वेगळ्या खात्यात ठेवा. वर्षं वाढतील तसं देणंही वाढतं.

सगळ्यात वाईट म्हणजे मधला रस्ता. माणसं तीच ठेवायची, पण हजेरीवर 'आजपासून नवीन' लिहायचं आणि हिशेब कुणीच द्यायचा नाही. तेव्हा पहिली अटच तुटते, भरपाई लागू होते, विकणारा पुण्याला निघून गेलेला असतो आणि नोटीस गल्ल्यावर बसलेल्याच्या हातात पडते. केस उभी राहिली की दोघांचीही नावं टाकतात.

पीएफ आणि ईएसआयचं वेगळं आहे. पीएफ वीस माणसांपासून, ईएसआय दहापासून. तिथे जुन्या मालकाची थकबाकी तुमच्याकडूनही वसूल होऊ शकते, तुम्ही घेतलेल्या मालमत्तेच्या किमतीपर्यंत. त्यामुळे शेवटची चलनं बघितल्याशिवाय उरलेला चेक देऊ नका. माणसाचा यूएएन नंबर तोच राहतो, जुन्या खात्यात कामाची शेवटची तारीख भरली गेली आहे का ते त्याच्याच मोबाईलवर उघडून बघा. ती राहिली तर त्याचे पैसे अडकतात, आणि त्यासाठी तो तुमच्याच दुकानात खेपा घालतो.

यादीचा आणि पत्राचा नमुना व्हिडिओखाली दिलाय. मोठा सौदा असेल तर बीडमधल्या कामगार कायदा बघणाऱ्या वकिलाला एकदा दाखवून घ्या. पुढच्या भागात गाळ्याचा भाडेकरार, कारण हॉटेल विकणाऱ्याला गाळा तुमच्या नावावर करून द्यायचा अधिकार आहे का, हेच बरेच जण विचारत नाहीत.