रोझा बोनरचे बैल

पॅरिसच्या जनावरांच्या बाजारांत निर्वेधपणे वावरता यावे म्हणून पोलीस कचेरीतून पुरुषवेषाचा, सहा महिन्यांच्या मुदतीचा रीतसर परवाना मिळवणारी (काय तो जमाना!) रोझा बोनर ही चित्रकर्ती १८४९च्या नांगरणीच्या भव्य पटामुळे विख्यात झाली खरी, परंतु तिची खरी विद्या, मला विचाराल तर, लहानशा तैल-अभ्यासचित्रांत दिसते, कारण जनावर कुणासाठी थांबत नसल्याने कधी नुसते मस्तक, कधी नुसता पाय, एवढेच तेथे झरझर टिपलेले असते.

असे अभ्यासचित्र स्वतः करू पाहणाऱ्याने ध्यानात ठेवावे, की पांढऱ्या बैलाच्या पोटाखालची छाया काळी नसते; गवतावरून परावर्तित झालेल्या प्रकाशाने ती हिरवट होते. हौशी मंडळींनी ती प्रथम टर्पेंटाइनमिश्रित पातळ रंगात बसवावी आणि तेलकट, जाड थर मागाहून द्यावा. क्रम उलटल्यास वरचा थर कालांतराने तडकतो.