प्रेस शॉपमधली बोटे

लेखमाला : सुरक्षित कारखाना – भाग ४

मोटारीच्या दाराची बिजागरी, सीटखालची पट्टी, स्विचमधली पितळी पिन असे असंख्य सुटे भाग पॉवर प्रेसवर पत्रा दाबून तयार होतात. भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर अशा औद्योगिक वसाहतींतल्या लहान वर्कशॉपांत हे काम दिवसरात्र चालते. कामगाराचे बोट किंवा पंजा हिरावून घेणारे यंत्र म्हणूनही प्रेस ओळखला जातो.

काम दिसायला सोपे असते. खालच्या डायवर, म्हणजे साच्यावर, पत्रा ठेवायचा, पायाने पॅडल दाबायचे, वरचा दाब देणारा रॅम खाली येऊन वर गेला की तयार जॉब काढायचा. एका पाळीत हीच क्रिया हजारो वेळा होते. हात डायमध्ये असतानाच एकदा जरी पाय पडला, तरी बोटे सुटत नाहीत. जुन्या प्रेसला की-क्लच असतो. तो फ्लायव्हीलमध्ये एकदा अडकला की फेरी पुरी होईपर्यंत रॅम मध्येच थांबवता येत नाही. की झिजली किंवा स्प्रिंग तुटली, तर पॅडल न दाबताही रॅम पुन्हा खाली येतो. यालाच ‘डबल स्ट्रोक’ म्हणतात. अशा वेळी कामगार कितीही सावध असला तरी उपयोग नसतो. म्हणूनच ‘काळजी घ्या’ अशी पाटी भिंतीवर लावून हे अपघात टळत नाहीत.

उपायांना एक क्रम आहे. हात डायमध्ये घालण्याची गरजच उरू नये, हा पहिला उपाय. त्यासाठी जॉब घसरून खाली पडेल अशी डाय बनवतात किंवा तो हवेच्या झोताने उडवतात. दुसरा उपाय म्हणजे पत्रा आत जाईल पण बोट जाणार नाही, असा पक्का बसवलेला गार्ड. तिसरा, दोन्ही हातांनी एकाच वेळी बटणे दाबल्याशिवाय स्ट्रोक न देणारी यंत्रणा. हात आत जाताच रॅम थांबवणारा प्रकाशाचा पडदाही बसवता येतो. मात्र तो हवेच्या दाबावर चालणाऱ्या क्लचच्या प्रेसवरच उपयोगी पडतो, कारण की-क्लचचा रॅम मधे थांबतच नाही. चिमटा आणि हातमोजे यांचा क्रमांक शेवटचा.

धोकादायक यंत्रभागांना संरक्षक कुंपण हवे आणि यंत्र चालू असताना ते जागेवरच हवे, हे १९४८ च्या कारखाने अधिनियमातच सांगितले होते. तरीही गार्ड काढून ठेवला जातो, कारण त्याने हात अडतो आणि तासाचे उत्पादन घटते. टार्गेट गाठायचे असते, सुपरवायझर पाहून न पाहिल्यासारखे करतो, आणि नवा हेल्पर हीच कामाची रीत समजून शिकतो. सुरक्षेची संस्कृती बिघडते ती अशी, रोज थोडी थोडी.

ती सुधारण्याची सुरुवात थोडक्यात टळलेल्या अपघातांपासून होते. बोट तुटण्याआधी त्याच प्रेसने बहुधा एखादा डबल स्ट्रोक दिलेला असतो. तो वेळीच सांगितला गेला आणि प्रेस दुरुस्त होईपर्यंत बंद राहिला, तर पुढचा अपघात टळतो. पण सांगणाऱ्याला बोलणी बसली किंवा ठेकेदाराने उद्यापासून येऊ नको म्हटले, तर पुढच्या वेळी कोणीच तोंड उघडत नाही. म्हणून नोंद करणाऱ्यावर कारवाई होणार नाही आणि यंत्र बंद असतानाच्या वेळेची मजुरी मिळेल, हे मालकाने आधीच जाहीर करायला हवे.

कामगाराची तब्येत हाही सुरक्षेचाच भाग आहे. सलग ओव्हरटाइमने झोप अपुरी राहते आणि हातापायांचा मेळ चुकतो. प्रेस शॉपमधल्या सततच्या आवाजाने ऐकू कमी येऊ लागते, मग क्लचचा बदललेला आवाजही कळत नाही. पुरेशी विश्रांती, पिण्याचे पाणी, कानाचे संरक्षण आणि नियमित श्रवणतपासणी यांवरचा खर्च म्हणूनच अपघात टाळण्याचाही खर्च ठरतो.

धोका सांगणाऱ्याच्या पाठीशी कायदाही आहे. भोपाळच्या १९८४ च्या वायुदुर्घटनेनंतर, कारखाने अधिनियमाच्या १९८७ च्या दुरुस्तीने धोकादायक प्रक्रियांतील कामगारांना समोर दिसणाऱ्या धोक्याकडे लक्ष वेधण्याचा हक्क मिळाला. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने तो इतर आस्थापनांपर्यंत नेला. कायद्याने हक्क दिला, तरी तो बजावण्याची हिंमत कारखान्यातल्या वागणुकीतूनच येते. जिथे नवा हेल्परही बिघडलेला प्रेस थांबवू शकतो आणि त्यासाठी त्याचा रोज बुडत नाही, तिथेच सुरक्षा रुजली असे म्हणता येते.