मागच्या वेळचा रंग असा नव्हता

बाहुलीचे केस विकतो असे सांगितले की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग विचारतो, यातही धंदा आहे का? आहे. कापडी बाहुली शिवणारी बाई असो की प्लॅस्टिकच्या डोक्यात मशीनवर केस टाचणारा कारखानदार असो, केस कुणाकडून तरी घ्यावेच लागतात. ताथवड्यात माझा मूळ व्यवसाय सुताचा आणि कापडाचा. त्याला जोडून लोकरीच्या लड्या, नायलॉनचे केस आणि एका कडेला शिवलेली केसांची झालर मी ठेवतो. माल थोडा, पण तक्रारी कापडापेक्षा याच मालाच्या जास्त. आणि तक्रार बहुधा एकच : "चाचा, मागच्या वेळचा रंग असा नव्हता."

सुरुवातीला मला हे गिऱ्हाइकाचे नखरे वाटत. काळा म्हणजे काळा, तपकिरी म्हणजे तपकिरी. पुढे एका अनुभवाने डोळे उघडले. बायकांच्या एका गटाने दोनशे बाहुल्यांसाठी गडद तपकिरी सूत मागितले. अर्धे सूत दिले, उरलेले पंधरा दिवसांनी आले. कारखाना तोच, शेड नंबर तोच. संध्याकाळी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली जुन्या लडीशेजारी नवी लडी धरली, सारखी दिसली, पाठवून दिली. त्या बायकांनी दिवसा अंगणात बसून काम केले तेव्हा कळले की नवे सूत लालसर आहे. तोवर कित्येक बाहुल्यांच्या डोक्याची एक बाजू जुन्या सुताची आणि दुसरी नव्याची झाली होती. सगळे उसवावे लागले. दिवाळीच्या प्रदर्शनाची तारीख हुकली. मी सूत परत घेतले, पैसेही दिले, पण त्या आठ-दहा दिवसांच्या मजुरीचे काय? माझ्या बिलावर शेड नंबर बरोबर होता. भांडायला बसलो असतो तर कागदावर जिंकलोही असतो. फक्त ते गिऱ्हाईक पुन्हा आले नसते.

शर्टाचे दोन तागे थोडे वेगळे निघाले तर दोन वेगवेगळ्या माणसांच्या अंगावर जातात, कुणाला कळत नाही. बाहुल्या मात्र दुकानात एका रांगेत उभ्या असतात आणि केस असतात तोंडाभोवती. फरक लपायला जागाच नाही. म्हणून हा फरक का पडतो हे विक्रेत्याने आधी स्वतः समजून घ्यायला हवे.

माझी फसगत झाली ती उजेडामुळे. तपकिरी रंग एका रंगाने होत नाही. लाल, पिवळा व निळा अशा तीन रंगांच्या मेळाने तो बसवतात. रंगाई करणाऱ्याने भाव वाढला म्हणून किंवा साठा संपला म्हणून त्यातला एक रंग बदलला, तर नवे मिश्रण एका उजेडात जुन्याशी जुळते आणि दुसऱ्या उजेडात फुटते. मोठ्या कारखान्यांत यासाठी वेगवेगळ्या दिव्यांची पेटी असते. छोट्या माणसाने उघड्या आकाशाखाली, पण थेट उन्हात नव्हे, एकदा पाहावे, ट्यूबलाइटखाली एकदा आणि जुन्या पिवळ्या बल्बखाली एकदा. तिन्ही ठिकाणी जुळले तरच "तोच रंग" म्हणावे. याला एक पैसाही लागत नाही. दोन मिनिटे लागतात, तीच मी त्या दिवशी वाचवली.

दुसरे कारण धाग्याच्या जातीत आहे. कापडी बाहुलीला बहुधा ॲक्रिलिकचे सूत लागते, ज्याला बाजारात सरसकट लोकर म्हणतात. हा धागा मोठा लहरी. पाणी ८० अंशांपर्यंत तापेस्तोवर तो फारसा रंग घेत नाही आणि त्यापुढे एकदम ओढून घेतो. जाणकार रंगारी तिथून आच अगदी हळूहळू वाढवतो व रंगाला लगाम घालणारे रसायनही टाकतो. घाई झाली की त्याच लडीत वर गडद, आत फिकट असा प्रकार होतो. म्हणून नवा माल आला की लडी सोडून आतला धागा पाहावा, नुसती वरची बाजू पाहून गठ्ठा रचू नये.

नायलॉनची तऱ्हा वेगळी. कारखान्यात धागा किती ताणला, किती उष्णता दिली यावर तो पुढे रंग किती पिणार हे ठरते. म्हणून धागा बनवणारे पेटीवर मर्ज नंबर छापतात. एका मर्जचा माल एकत्र रंगवला तर एकसारखा उतरतो. दोन मर्ज मिसळले की त्याच भांड्यात, त्याच रंगात दोन छटा निघतात. आपले बरेच व्यापारी भाव आणि डेनिअर पाहतात, मर्ज नंबराकडे बघतही नाहीत. डेनिअर म्हणजे ९००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन. तोही बदलला तर रंग बदलल्यासारखा दिसतो. बारीक धागा तेवढ्याच रंगात फिकट दिसतो. चकाकीचेही तसेच. चमकदार आणि मंद अशा दोन जाती असतात, त्या जवळजवळ ठेवल्या की गिऱ्हाईक रंगच वेगळा म्हणते.

पॉलिप्रॉपिलीनचे केस स्वस्त. हा धागा भांड्यातला रंग धरत नाही, म्हणून वितळलेल्या प्लॅस्टिकमध्येच रंगाचे दाणे मिसळून तो काढतात. त्यामुळे रंग पक्का असतो व एका लॉटमध्ये फरक कमी. पण लॉट संपला आणि दाणे दुसऱ्या कंपनीचे आले की फरक आलाच. शिवाय तो १६० अंशांच्या जरा पुढे वितळतो. बाहुलीचे केस सरळ करायला कुणी घरची केसांची इस्त्री लावली तर केस चिकटून जातात आणि तक्रार आपल्याकडे येते. विकतानाच सांगावे. १९५९ साली अमेरिकेत बाजारात आलेल्या बार्बीचे केस सारान नावाच्या कृत्रिम धाग्याचे होते. नायलॉन व इतर धागे पुढे आले. दिसायला हे सगळे सारखेच, पण उष्णतेला प्रत्येकाचा जबाब निराळा.

पाण्याचे सांगायचे राहिले. आमच्या भागात नळाला पवनेचे पाणी येते, कमी पडले की टँकर किंवा बोअर. घरगुती रंगाई करणाऱ्या कारागिराने एक लॉट नळाच्या पाण्यात आणि पुढचा बोअरच्या क्षाराच्या पाण्यात काढला तर रंग मळकट येऊ शकतो. तो बिचारा रंगाच्या पुडीला दोष देतो.

वजनाची तक्रारही याच घरातली. खरी लोकर किंवा अंगोरा बकरीचे मोहेर हवेतली ओल धरते, कोरड्या वजनाच्या साधारण १६ टक्क्यांपर्यंत. नायलॉन ४ टक्क्यांच्या आसपास, पॉलिप्रॉपिलीन जवळजवळ नाहीच. पावसाळ्यात तोललेला किलोभर मोहेर एप्रिलमध्ये किलो भरत नाही. यात कुणी चोर नसतो. मात्र हे माहीत असून ओलसर माल तोलणारा चोरच म्हणावा लागेल. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल बाहेर काढली, ही हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणीच ऐकली आहे. ऐब असेल तर वर ठेवा, तळाशी दडपू नका, एवढाच त्याचा दुकानदारीतला अर्थ.

आता उपाय. तो मला कापडाच्या बाजारात नाही, आपल्या पिंपरी-चिंचवडच्या मोटारींच्या कारखानदारीत सापडला. गाडीचे पत्र्याचे अंग आणि प्लॅस्टिकचा बंपर वेगवेगळ्या ठिकाणी रंगतात, तरी गाडीवर एकच दिसावे लागतात. त्यासाठी माल घेणारा आणि देणारा मिळून नमुने पक्के करतात : एक बरोबर रंगाचा, एक "याहून गडद चालणार नाही" असा, एक "याहून फिकट चालणार नाही" असा. त्यावर दोघांच्या सह्या असतात. मग वाद डोळ्यांचा राहत नाही, नमुन्याचा होतो.

मी तेच केले. पुठ्ठ्यावर तीन लड्या बांधतो, मागे तारीख, लॉट नंबर, माझी आणि गिऱ्हाइकाची सही. एक पुठ्ठा त्यांच्याकडे, एक माझ्याकडे, उजेड लागू नये म्हणून कपाटात बंद. प्रत्येक लॉटची वीतभर लडी काढून ठेवतो. बिलावर लॉट नंबर लिहितो. आणि ऑर्डर घेतानाच विचारतो : एकूण बाहुल्या किती? दोनशेच्या असतील तर दोनशेंचे सूत एकाच लॉटमधून बाजूला काढून नाव टाकून ठेवतो. पैसे टप्प्याने दिले तरी चालतात. यात माझे भांडवल अडकते हे खरे. पण परत आलेल्या मालात ते याहून जास्त अडकत होते.

तक्रार आलीच तर पहिले वाक्य "आमच्याकडून असे होत नाही" हे नसावे. "लडी घेऊन या, जोडीने बाहेर उजेडात पाहू" असे म्हणावे. नमुन्याच्या आत असेल तर गिऱ्हाईक स्वतःच मान्य करते. बाहेर असेल तर माल परत घ्यावा, आणि काम सुरू होण्याआधी कळले असेल तर वाटखर्चही आपला. काम सुरू करण्यापूर्वी दोन लड्या ताडून पाहणे हे मात्र कारागिराचे काम. तेही मी बिलावर छापून टाकले आहे.

केंद्र सरकारने खेळण्यांवरची आयात जकात २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केली. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांच्या वस्तूंना त्यातून सूट आहे, म्हणून ज्यांनी ती नोंदणी केली नसेल त्यांनी करावी. चिन्ह घेणारे कारखानदार आता केसांबद्दल रंगाखेरीज आणखी दोन गोष्टी विचारतात : पेट किती लवकर घेतात, आणि रंगात घातक धातू तर नाहीत ना. घातक ॲझो रंगांवर तर देशात १९९७ पासूनच बंदी आहे. याचे उत्तर आपल्याला रंगारी देईल तेव्हाच आपण पुढे देऊ शकतो. म्हणून रंगाईवाल्याकडून कोणता रंग, कोणत्या कंपनीचा, हे प्रत्येक लॉटला लिहून घ्यावे. दोन ठिकाणी मला नकार मिळाला, तिथे काम देणे मी बंद केले.

लॉटचे तुकडे शेवटी उरतातच, कधी पाव किलो, कधी अर्धा. पूर्वी ते पुढच्या लॉटमध्ये मिसळून टाकण्याचा मोह होत असे. आता वेगळ्या पिशवीत भरून "मिश्र लॉट" अशी चिठ्ठी लावतो आणि कमी भावात विकतो. शाळेच्या हस्तकलेसाठी मुले तेच आवडीने नेतात, कारण त्यांच्या एका बाहुलीला एकच लडी पुरते.