मेर्ले कारुसो यांची जीवनकथांची रंगभूमी

प्रस्तावना :
बाल्टिक समुद्राच्या किनाऱ्यावरील एस्टोनिया हा सुमारे तेरा लाख लोकवस्तीचा छोटा देश. १९४० मध्ये सोव्हिएत संघाने तो ताब्यात घेतला. मधली जर्मन अंमलाची तीन वर्षे वगळता तो १९९१ पर्यंत सोव्हिएत सत्तेखाली होता. या काळात स्वतःचे आयुष्य खरेपणाने सांगणे ही जोखमीची गोष्ट होती. सरकारी प्रपत्रांत आपला जीवनवृत्तांत लिहून द्यावा लागे. त्यात सायबेरियात हद्दपार झालेला बाप किंवा परदेशी निघून गेलेला काका शक्यतो येत नसे. अशा समाजात सामान्य माणसांच्या जीवनकथा रंगमंचावर आणणाऱ्या दिग्दर्शिका व नाटककार मेर्ले कारुसो यांच्या कार्याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

जडणघडण आणि नाट्यपद्धती :
कारुसो यांचा जन्म १९४४ चा. व्होल्देमार पान्सो यांनी १९५७ मध्ये ताल्लिन येथील संगीत विद्यालयात रंगमंचकलेचा विभाग सुरू केला होता. तेथून त्या १९७६ मध्ये दिग्दर्शनाचे शिक्षण घेऊन बाहेर पडल्या. पान्सो हे मॉस्कोत मारिया क्नेबेल यांच्याकडे शिकलेले, म्हणजे स्तानिस्लाव्हस्कींच्या परंपरेतले. भूमिकेच्या अंतरंगात शिरण्याची ही शिस्त कारुसो यांनी वेगळ्याच दिशेला वळवली. कल्पित पात्राऐवजी त्यांनी प्रत्यक्ष जगलेल्या माणसाचे कथन नटाच्या हाती दिले.

१९८० च्या 'मी तेरा वर्षांचा आहे' या प्रयोगात शाळकरी मुलांचे लेखन आधाराला होते. त्यानंतर १९८२ मध्ये 'आमच्या जीवनकथा' आणि 'खोल्या भरल्या की' ही नाटके आली. यांत रंगमंचकला विभागाच्या विद्यार्थ्यांनी आपल्याच आयुष्याची आणि कुटुंबाची हकिकत सांगितली. वरवर पाहता त्यात राजकीय घोषणा नव्हत्या. तथापि दारू, मोडलेली घरे आणि आजी-आजोबांविषयीचे मौन एकापाठोपाठ एक ऐकताना सरकारी इतिहासातला खोटेपणा आपोआप उघडा पडे. अधिकाऱ्यांनी या प्रयोगांवर निर्बंध आणले, यात नवल नाही.

एस्टोनियन भाषेत जीवनकथेला 'एलुलुगु' म्हणतात. 'एलु' म्हणजे जीवन आणि 'लुगु' म्हणजे कथा. शब्द जर इतरांचे असतील तर कारुसो यांना नाटककार का म्हणावे, असा प्रश्न येथे उपस्थित होऊ शकतो. प्रस्तुत लेखिकेच्या मते निवड, क्रम आणि दोन कथनांची शेजारशेजार मांडणी हेच या प्रकारातील नाट्यलेखन होय. एका व्यक्तीची आठवण शंकास्पद ठरू शकते. तीच सोळा जणांच्या आठवणींशी जुळू लागली की ती पुराव्याच्या जवळ जाते.

हद्दपारी करणारे :
स्वातंत्र्यानंतर लोक बोलू लागले. तार्तू येथील साहित्य संग्रहालयात जीवनकथांचा मोठा संग्रह जमा झाला. १९९७ चे 'सारस गेले, वाईट हवा आली' हे नाटक अशाच कथनांवर उभे आहे. त्याचे नाव ऋतुबदलाविषयीच्या लोकोक्तीवरून घेतले आहे. परंतु कारुसो यांच्या कारकिर्दीतील सर्वांत धाडसी कृती म्हणून १९९९ च्या 'क्यूदिपॉइसिद' या नाटकाचाच उल्लेख करावा लागेल.

मार्च १९४९ मध्ये एस्टोनियातून वीस हजारांहून अधिक माणसे मालगाड्यांत भरून सायबेरियाकडे पाठवण्यात आली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया, मुले व वृद्ध होते. या घटनेला पन्नास वर्षे होत असताना बळी पडलेल्यांच्या कथा सर्वत्र सांगितल्या जात होत्या. कारुसो यांनी मात्र रात्री दारे ठोठावणाऱ्यांकडे, त्या कार्यवाहीत सामील झालेल्या माणसांकडे मोर्चा वळवला. यांत काही एस्टोनियनही होते, आणि हीच गोष्ट प्रेक्षकाला जड जाणारी होती. परकीय सत्तेला दोष देणे सोपे असते. यादी हातात घेऊन शेजाऱ्याच्या अंगणात शिरलेला माणूस आपल्याच भाषेत बोलतो, तेव्हा ते तितके सोपे राहत नाही. ऐकून घेणे म्हणजे क्षमा करणे नव्हे, हा भेद या प्रयोगात महत्त्वाचा आहे.

पुढे २००० मध्ये 'सेव्ह अवर सोल्स' या नाटकात त्यांनी खुनाची शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांची कथने घेतली, तर २००२ मध्ये एच.आय.व्ही. हा विषय हाताळला. स्वतःच्या कामाविषयीच्या ग्रंथाला त्यांनी 'मुख्य प्रवाहात न बसणारी' या अर्थाचे शीर्षक दिले आहे.