डोंगरातली सायकल-शर्यत आणि घरचा हिशेब

मुलगा पंधरा वर्षांचा झाला. सायकलच्या शर्यतीत उतरतो म्हणतो. ही शर्यत डांबरी रस्त्यावरची नव्हे. माती, दगड, चढ-उतार यांतली. १९९६ सालापासून ती ऑलिंपिकमध्येही आहे. मुलीही उतरतात बरं का!

हौस चांगली. पण पैसा? चला, आपण कागद-पेन्सिल घेऊन बसू.

सायकलचा खर्च डोळ्यांना दिसतो. वापरलेली घेतली तरी चालते. सांगाड्याला चीर नाही एवढे पाहावे. हेल्मेट मात्र आम्ही नवेच घ्या म्हणू. एकदा आपटलेले हेल्मेट पुन्हा तसा मार सोसत नाही.

खरा खर्च मागून येतो. चिखलाने चेन झिजते. ती वेळेवर बदलली नाही, तर फ्रीव्हीलचे दातेही खाते. मग दोन्ही बदला! आणि प्रवास. प्रवेश-फी एकाची, पण सोबत मोठे माणूस हवे, म्हणजे भाडे दोघांचे, वर सायकलचे. समजा, एका शर्यतीला २,००० रुपये लागले. चार शर्यतींचे ८,००० झाले. बियाण्याच्या पैशाला हात लावायचा नसेल, तर दोनच धराव्यात, त्याही जवळच्या. कोणत्या दोन, ते हा कागद वाचून मुलालाच ठरवू द्यावे.