नौका पाण्यात उतरते, खलाशाच्या अंथरुणाचा हिसाब कुठे लिहिला जातो?

जुलैचा शेवटचा आठवडा आला की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर ठोकाठोकीचे आवाज सुरू होतात. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. ती उठण्याआधी शाकारून ठेवलेल्या नौकांवरचे प्लास्टिक निघते आणि नाखवा, तांडेल, सुतार, रंगारी, मेकॅनिक, जाळी दुरुस्त करणारे अशा सर्वांना एकाच वेळी घाई होते. आमचा धंदा कापडाचा. तरी या पंधरा दिवसांत आमच्या दुकानातही बंदराचीच भाषा चालते.

लाकडी नौका दोन महिने कोरडी राहिली की फळ्या आकसतात आणि सांधे उघडे पडतात. त्या फटींत तेलात भिजवलेला कापूस ठोकून बसवायचा, वरून लुकण लावायचे, या कामाला जुनी माणसे कलाफत म्हणतात. आमच्या वालिदांच्या वेळी या कापसाचे गठ्ठे आमच्याच दुकानातून जात. आता बहुतेक नौकांवर फायबरचा थर असतो, त्यामुळे तो कारागीर आणि ते गिऱ्हाईक दोन्ही कमी झाले. ज्या नौका अजून निव्वळ लाकडाच्या आहेत, त्या पाण्यात उतरवल्यावर एक-दोन दिवस पंप लावून तशाच ठेवतात. लाकूड पाणी पिऊन फुगते, फटी आपोआप मिटतात, मगच माल चढतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती गाठायची, हजरत नूह (अलैहिस्सलाम) यांनी नौकेत चढताना पढलेली दुआ पढायची आणि नौका ढकलायची, हा रिवाज क्रेन आल्यावरही सुटलेला नाही. कायद्याने १ ऑगस्टला समुद्र मोकळा होतो, पण वारा मोकळा होऊ देईलच असे नाही. अनेक जण नारळी पौर्णिमेपर्यंत थांबतात. पर्ससीन जाळ्यांना तर २०१६ च्या शासन निर्णयानुसार १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर एवढीच मुदत आहे.

इथपर्यंतचा खर्च प्रत्येक नाखवा बोटांवर मोजून सांगतो. इंजिन, जाळे, रंग, बर्फ, डिझेल (परतावा मिळतो तो मागाहून, आधी खिशातूनच भरावे लागते), खलाशांची उचल. तांदूळ, डाळ, कांदे-बटाटे आणि पाण्याची पिंपेही यादीत असतात. या यादीत अगदी शेवटी येते आणि पैसे संपले की सर्वांत आधी कापले जाते ते खलाशाचे अंथरूण-पांघरूण. वास्तविक हा माणूस फेरीमागून फेरी त्याच फळीवर राहतो, जेवतो, निजतो. पर्ससीनवर असे पंचवीस-तीस जण असतात आणि त्यांत नेपाळहून आलेल्यांची संख्या मोठी असते.

आमच्या तिजारतीच्या अनुभवाचे दोन शब्द इथे सांगतो. स्वस्त पडते म्हणून नायलॉनचे ब्लँकेट सर्रास घेतात. ते लवकर वाळते हे खरे, पण नौकेवर स्टोव्ह आणि इंजिन दोन्ही जवळ असतात. असले कापड पेटले तर वितळून अंगाला चिकटते. सुती सोलापुरी चादर ओली झाली की जड होते आणि खारट हवेत नीट वाळतही नाही, म्हणून प्रत्येकी दोन द्याव्यात. एक अंगावर, एक वाळत. आणि लुंगी निजताना ठीक आहे. विंच चालू असताना तिचे टोक दोरात सापडले तर माणूस ओढला जातो. कामाला आखूड चड्डी बरी. लुंगी विकणारेच आम्ही हे सांगतो, म्हणून गिऱ्हाइके हसतात.

आता आमच्या चुकीची गोष्ट. २०१३ साली एका नाखव्याने आमच्याकडून अठ्ठावीस ब्लँकेटे, रेनकोट आणि ताडपत्री उधार नेली. जुनी ओळख. पावतीवर नग लिहा, भाव लिहू नका, असे तो म्हणाला, आणि आम्ही तसे केले. दिवाळीच्या सुमारास त्याच नौकेवरचा एक नेपाळी खलाशी दुकानात आला. तसलेच ब्लँकेट दाखवून त्याने भाव विचारला. आम्ही सांगितला. तो काही वेळ गप्प उभा राहिला. त्याच्या हिशेबातून ब्लँकेटापोटी आमच्या भावाच्या जवळजवळ दुप्पट रक्कम कापली गेली होती. पांघरूण नाखव्याच्या खर्चाने मिळते, असे त्याला नौकेवर चढताना सांगितलेले होते. शिवाय आमचे पैसे चुकवताना तोच नाखवा म्हणू लागला की ब्लँकेटे बावीसच आली.

कुरआनमधील सर्वांत लांब आयत सूरह बकराची २८२ वी आहे, आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल व साक्षीदारांबद्दल आहे. उर्दू शाळेत ती आम्ही शिकलो होतो. दुकानात भिंतीवर तिचा तर्जुमाही लावलेला होता. पावती मात्र त्याच भिंतीखाली बसून भावाशिवाय फाडली.

तेव्हापासून नौकेचा माल आम्ही दोन प्रतींत लिहितो, नग आणि भाव दोन्ही घालून. एक प्रत तांडेलाच्या हातात, खलाशांच्या देखत. उधारीचा भाव देतानाच ठरतो. उशीर झाला म्हणून वर एक पैसा चढवत नाही, कारण तो सूदच. यामुळे चार नाखव्यांनी आमचे दुकान सोडले. पुढे दोघे परत आले, आणि त्यांच्यापैकी एकजण आता पांघरुणाचे पैसे खलाशाकडून कापतच नाही.

२०१३ ची बाकी आमच्या वहीत तशीच आहे. ती बुडाली तरी चालेल. त्या खलाशाला आम्ही त्या दिवशी जास्तीचे कापलेले पैसे देऊ केले होते. तुमच्याकडून कशाला, असे म्हणून तो निघून गेला. दरवर्षी जुलैअखेर नेपाळची मंडळी उतरली की आम्ही त्यांच्यात तो चेहरा शोधतो. नाव विचारायचे त्या दिवशी राहून गेले.